सुतकातला नगारा

किसनसिंग नायकाचा फोटो पेपरात छापून आला आणि दारव्ह्याच्या बाजारात चहासाठी त्याला कुणी खिशात हात घालू देईना.

फोटोत तो निळ्या नंबरपाटीच्या एका पांढऱ्या गाडीपुढे हात पसरून उभा होता. पागोटं सुटून गळ्यात आलेलं, खांद्यावर रक्त. खाली छापलं होतं की परदेशी वकिलातीच्या बाईंवर जमाव चालून गेला तेव्हा पळसवाडी या बंजारा तांड्याच्या नायकाने जिवावर उदार होऊन पाहुणीचं रक्षण केलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. नायक गाडीपुढे उभा राहिला होता, दगड त्याला लागला होता आणि रक्तही त्याचंच होतं. एवढं सगळं खरं असूनही माणूस खोटा असू शकतो, हे पेपरवाल्यांना कुठून कळणार?

"नायक, तुमी नसते तं जिल्ह्याचं नाक कापल्या गेलं असतं," चहावाला म्हणायचा. किसनसिंग मान खाली घालून बशीत चहा ओतायचा. एरवी हा माणूस एका कपात गावचं सगळं राजकारण ढवळून काढणारा. आता तो गप्प असतो म्हटल्यावर लोकांनी त्याचाही चांगलाच अर्थ लावला. मोठेपणाचा गर्व नाही म्हणाले. एकदा माणसाला चांगलं म्हणायचं ठरलं की त्याच्या गप्प बसण्यालाही लोक हार घालतात.

आता मुळापासून सांगायला हवं.

तांड्यातली बबिता, नवरा मागेच वारलेला, तिला दोन मुलं. थोरला देवसिंग शेती बघायचा. धाकटा आयुष कामासाठी परदेशी गेला, लांबच्या एका थंड देशात, मोठ्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर. उन्हाळ्यात तिकडून निरोप आला की आयुष कामावरच कोसळला आणि गेला. मग पेटी आली. कंपनीने कळवलं, हृदय बंद पडलं. पोत्यागणिक कापूस उचलणाऱ्या विशीतल्या पोराचं हृदय असं बंद का पडावं, हे मात्र बबिताला कुणीच सांगितलं नाही.

या तांड्यात एक रीत आहे. नायकाच्या ओसरीवर नगारा असतो. होळीला, तीजेला, लग्नाला तो वाजतो आणि वाजला की माणूस हातातलं काम टाकून नायकाच्या दारी येतो. पण कुणाच्या घरी मरण झालं की नगाऱ्यावर फडकं पडतं. ते फडकं नायक काढत नाही. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरचं कुणीतरी येतं, आपल्या हाताने फडकं काढतं आणि म्हणतं, वाजवा आता. कुणी तेरावं झालं की येतं, कुणाला वर्ष लागतं. बबिता अजून आली नव्हती. तीजेला पोरींनी नगाऱ्याशिवायच गाणी म्हटली आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

किसनसिंग नायक तर होताच, सरकारने पोलीस पाटीलही त्यालाच नेमलं होतं. तांड्याची इज्जत आणि ठाण्याचा निरोप, दोन्ही एकाच पागोट्याखाली. कापूस वेचणीला आला होता तेव्हा ठाणेदारांचा फोन आला.

"पाटील, मुंबईहून त्या देशाच्या वकिलातीची गाडी तुमच्या तांड्यात येतेय. त्यांच्या बाई स्वतः मयताच्या आईला भेटणार आहेत. बंदोबस्ताला माणसं पाठवून देतो."

"कायले साहेब?" किसनसिंग म्हणाला. "माह्या तांड्यात पाहुण्याच्या केसाले धक्का नाई लागत. तुमचे पोलीस आले तं बाईले वाटंन, आमी चोरच आहो."

त्या दिवशी ठाणेदारांच्या मागे कुठल्याशा पुढाऱ्याचा दौरा होता. त्यांनाही माणसं कमी पडत होती. "बरं, तुमच्या भरवशावर," ते म्हणाले.

झालं. नायकाच्या डोक्यात वारं शिरलं. परदेशी सरकारची गाडी, तीही बॉनेटवर झेंडा लावलेली, आणि ती थांबणार कुणाच्या दारात? आमदारालासुद्धा या रस्त्याने यायला निवडणूक लागते. किसनसिंगने ठेवणीतलं पागोटं काढलं, ओसरी सारवून घेतली. बाई कशासाठी येतेय, कुणाच्या दुःखासाठी येतेय, हे त्याला माहीत होतं. पण माहीत असणं आणि ध्यानात असणं यात फरक असतो.

गाडी रीतीप्रमाणे आधी नायकाच्या दारी आली. बाई उंच, साध्या कपड्यातली, मोडकं हिंदी बोलणारी. ड्रायव्हर मात्र उतरताच वऱ्हाडीत म्हणाला, "मी रोशन, राळेगावचाच हाय काका. पोटापाण्यासाठी मुंबईले गेलतो, तिथं या वकिलातीत लागलो." दोघांनीही नायकाच्या लोट्यातलं पाणी घेतलं. नायकाच्या दारचं पाणी जो प्याला त्याच्या जिवाची जिम्मेदारी नायकाची. कागदावर नसलेला हा कायदा तांड्यात सगळ्यांना पाठ होता.

"आयुषची बॅग आणली बाईनं," रोशन हळूच म्हणाला. "त्याचा मोबाइल हाय तिच्यात. गोदामवाल्याइनं त्याले तापात कामावर उभं केलतं, असं तिथल्या पोराइनं सांगतलं. त्याच्या याडीनं, मायनं, बाईसमोर जबानी देल्ली तं तिकडं केस उभी होते म्हणे."

नायकाने ऐकलं, मान डोलावली आणि मग ओसरीकडे वळून रामसिंगला म्हणाला, "वाजव."

नगारा वाजवायचा मान रामसिंगचा. तो जागचा हलला नाही. "नायक, बबिताबाई आलती का सांगाले?"

"दुसऱ्या देशाचा पाहुणा दारात उभा हाय अन् नगारा मुका ठेवतो का? मी सांगतो न. वाजव." आणि नगाऱ्यावरचं फडकं किसनसिंगने स्वतःच्या हाताने ओढलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नगारा धडधडला. वावरांमधून कापूस वेचणाऱ्या बायामाणसांनी माना वर केल्या, कमरेला कापसाने भरलेले ओटे तसेच घेऊन माणसं तांड्याकडे धावत सुटली. पाहता पाहता नायकाच्या दारासमोर गर्दी झाली. कशासाठी बोलावलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. समोर दिसत होती परदेशी झेंड्याची गाडी, नवं पागोटं घातलेला नायक आणि वाजणारा नगारा. पलीकडे आपल्या दारात बबिता उभी होती, तोंडावर पदर दाबून.

देवसिंग धावत आला तो थेट गर्दीच्या पुढे. भावाचं वर्ष झालेलं नाही, आई फडकं काढायला गेलेली नाही, आणि ज्या देशातून भावाची पेटी आली त्याच देशाच्या झेंड्यापुढे नगारा वाजतोय. त्याने खाली वाकून दगड उचलला. "माह्या भावाच्या मरणाची बारात काढता का?" एवढंच तो म्हणाला.

पहिला दगड समोरच्या काचेवर बसला. रोशन बाईला आत ढकलून नुकताच स्टिअरिंगवर बसला होता. काच फुटून त्याच्या तोंडावर आली. मग काय, कुणी रागाने, कुणी देखादेखी, दगड सुरू झाले. त्या वेळी किसनसिंग गाडीपुढे धावला, हात पसरले, खांद्यावर एक दगड खाल्ला. हे खरं. रोशनने एका डोळ्याने बघत गाडी मागे घेतली आणि ती धुरळ्यात निघून गेली. आयुषची बॅग डिक्कीतच राहिली.

संध्याकाळी ठाणेदार आले. वरून फोनांवर फोन आले होते, मुंबईहून, दिल्लीहून. खांद्यावर पट्टी बांधलेल्या किसनसिंगला त्यांनी विचारलं, "पाटील, एवढे लोक एकदम जमले कसे?"

किसनसिंगने नगाऱ्याकडे पाहिलं नाही. त्यावर पुन्हा फडकं टाकलेलं होतं. "मले नाई मालूम, साहेब," तो म्हणाला.

एवढंच. पण पुढचं सगळं तेवढ्यावर उभं राहिलं. लोक आपोआप जमत नसतात, म्हणजे कुणीतरी जमवले. देवसिंगच्या मोबाइलवर त्या सकाळी मित्रांना लावलेले फोन निघाले. ते कापसाच्या गाडीसाठी होते, पण फोन तो फोनच. कट रचून परदेशी वकिलातीच्या गाडीवर हल्ला, असं कलम लागलं आणि देवसिंग यवतमाळच्या जेलात गेला. त्याने नगाऱ्याचं सांगून पाहिलं. बाईला आणि रोशनला नगारा स्वागताचाच वाटला होता, त्यांना त्याबद्दल कुणी विचारलं नाही. पोलिसांनी तांड्यात विचारलं. तांडा म्हणाला, आम्ही नगारा ऐकला नाही. नायकाविरुद्ध तांडा बोलत नसतो. रामसिंगही म्हणाला, ऐकला नाही. तो वाजवणाराच.

कुणी आपल्याला वाचवायला खोटं बोललं तर त्याचे पाय धरावेत की त्याच्या कानाखाली वाजवावी, हे किसनसिंगला समजेना. त्याची भाकर तोंडात फिरायला लागली. ठाणेदारांनी कळवलं की सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी त्याचा सत्कार ठेवतोय. वरच्यांनाही ते हवं होतं. पाहुणीला जपणारा कुणीतरी होता, एवढं तरी परदेशाला दाखवता येत होतं.

न राहवून तो एसटीने नागपूरला गेला, दवाखान्यात रोशनला पाहायला. संत्री घेऊन गेला होता. अर्ध्या तोंडाला पट्टी होती. डोळा वाचला नव्हता.

"काका, तुमी आले!" रोशन उठून बसला. बायकोला म्हणाला, "हेच ते. हे मधात उभे राह्यले म्हणून मी हाय."

त्याच्या बायकोने वाकून किसनसिंगच्या पायांना हात लावला. किसनसिंग पाय मागे घ्यायला गेला आणि खुर्चीला अडखळला. त्याला वाटलं, आत्ता बोलावं. बोलला असता तर त्या बाईने हात झटकले असते, आणि ते बरं झालं असतं. पण तोंडातून निघालं ते असं, "बाई पुन्हा येईन का रे तांड्यात?"

"बाईची तं इच्छा हाय. पण तिचे वरचे येऊ देत नाईत. चुकून झालं असतं तं येक गोष्ट, म्हणतात. हे ठरवून केलं म्हणते पोलीस. कट हाय म्हणल्यावर पुन्हा कोन पाठवंन माणूस? आयुषची बॅग तशीच पडून हाय मुंबईले."

परतीच्या एसटीत किसनसिंग खिडकीशी बसला. आपल्या एका वाक्याने किती माणसं अडकली, ते त्याला आता कुठे नीट दिसलं. देवसिंग जेलात अडकला, बॅग मुंबईत अडकली, आणि आयुष का मेला ते त्या बॅगेत अडकलं. ओठावर मिशी ठेवून, मर्द म्हणवून केलेलं हे काम. त्याला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात गेला. ठाणेदारांना म्हणाला, "साहेब, लोक नगाऱ्यानं जमले. मी वाजवाले लावला. बंदोबस्तही मीच नको म्हणलं."

ठाणेदारांनी हातातला पेन खाली ठेवला. मग दार लावून घेतलं. "पाटील, तुम्ही नको म्हणालात म्हणून मी माणसं पाठवली नाहीत, हे मी कुणाला सांगू? मी विचारायचंच नव्हतं, पाठवायचीच होती. ती गाडी म्हणजे त्यांचा देश समजायचा असतो. आपल्या जमिनीवर आला की तो सांभाळणं आपल्याकडे. हे तुम्हाला माहीत नसेल, मला होतं." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमचं पद जाईल, माझं जाईल. आणि पोराने दगड तर मारलाच ना? घरी जा. सव्वीस तारखेला या."

किसनसिंग घरी आला. कुणीतरी आपल्याला थांबवलं याचं मनाच्या एका कोपऱ्यात त्याला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

सकाळी बबिता त्याच्या दारी आली. आयुष गेल्यापासून ती पहिल्यांदाच या ओसरीवर चढत होती. किसनसिंगला वाटलं, आता ही शिव्या देणार. त्याने त्यासाठी मान खाली घातली.

"नायक," ती म्हणाली, "देवसिंगनं दगड मारला. मी पाह्यलं, मी पोलिसाले सांगतलं."

"तू सांगतलं?"

"त्यानं दुसऱ्या याडीच्या लेकराचा डोळा फोडला. ते भोगू द्या त्याले. पण लोक त्यानं नाई जमवले." ती नगाऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. "हे मी नाई सांगतलं. मले वाटे, तुमी सांगसान. मी रोज वाट पाह्यली. मंग पेपरात तुमचा फोटो पाह्यला."

किसनसिंग म्हणाला, "ठाण्यात गेलतो मी काल. साहेब आयकत नाईत."

"साहेबाले कानात सांगतलं असंन. कानातलं कानातच राह्यते." तिने नगाऱ्यावरचं फडकं धरलं. "त्या दिवशी माह्या पोराचं मरण तुमी न विचारता उघडं केलं. आज मीच उघडं करतो. वाजवा." आणि तिने फडकं काढलं.

रामसिंगला बोलावलं नाही. टिपरू किसनसिंगने स्वतः उचललं. सुरुवातीला हात चुकला, मग नगारा बोलायला लागला. वावरांतून माणसं आली, पण या खेपेला कुणी धावत आलं नाही. बायका वाटेच्या कडेला उभ्या राहिल्या, माणसं दूरच थबकली.

किसनसिंगने पागोटं काढून नगाऱ्यावर ठेवलं.

"त्या दिवशी हा मीच वाजवाले लावला," तो म्हणाला. "बबिताले न विचारता. पोलीस नको म्हणलं तेही मीच. माह्या दारचं पाणी पेलेला पोरगा माह्या दारात एका डोळ्यानं आंधळा झाला. देवसिंगनं दगड मारला, पण त्याच्या हातात तो मी देल्ला. तुमी मले वाचवाले खोटं बोलले. आता नका बोलू."

मग एक म्हातारा म्हणाला, "नायक, झालं ते झालं. कायले उकरून राह्यले?"

"नाई झालं," किसनसिंग म्हणाला. "झालं असतं तं देवसिंग घरी असता."

रामसिंग गर्दीतून पुढे आला. "मी येतो ठाण्यात," तो म्हणाला. "मी वाजवला तो." मग आणखी कुणी कुणी निघालं. दारव्ह्याच्या जीपमध्ये माणसं मावेनात तेव्हा काही जण मागून सायकलींवर गेले. अख्खा तांडा एकच सांगायला लागल्यावर ठाणेदारांना ते कागदावर घ्यावंच लागलं. लिहिताना त्यांनी किसनसिंगकडे एकदाच पाहिलं. पुढे त्यांची बदली झाली. किसनसिंगचं पोलीस पाटीलपण गेलं, सत्काराचं कुणी पुन्हा नाव काढलं नाही आणि चहावाल्याने एके दिवशी काही न बोलता चहाचे पैसे घेतले. कटाचं कलम निघालं. दगडाची केस राहिली, ती चालू आहे. देवसिंग जामिनावर घरी आला. तो नायकाशी बोलत नाही आणि त्यात त्याची चूक कुणी काढत नाही.

फाल्गुनात पळस फुलला तेव्हा गाडी पुन्हा आली. तीच निळी पाटी, पुढेमागे पोलिसांच्या जीपा. नायकाच्या दारासमोरून ती न थांबता पुढे गेली आणि बबिताच्या घरापाशी उभी राहिली. बाई उतरली. तिच्या हातात आयुषची बॅग होती. बबिताने ती दोन्ही हातांनी छातीशी घेतली आणि दोघी आत गेल्या. देवसिंगने आतून दार ओढून घेतलं, जबानीला वेळ लागणार होता.

ड्रायव्हर नवा होता. तो गाडीतच बसून राहिला, काचा बंद करून. ऊन चढलं होतं. किसनसिंग घरी गेला, लोटा विसळला, पाणी भरलं आणि उघड्या डोक्याने गाडीपाशी आला. एका शिपायाने त्याला अडवलं, मग लोटा बघून सोडलं.

त्याने काचेसमोर लोटा धरला. ड्रायव्हरने आधी लोट्याकडे आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. रोशनने त्याला काय सांगितलं असेल, कोण जाणे. तो उद्धटपणे वागला नाही. त्याने फक्त मान हलवली, नको, आणि नजर समोर लावली. काच काही खाली आली नाही.

किसनसिंगला परत फिरता आलं असतं. तो फिरला नाही. लोटा हातात घेऊन तो गाडीच्या कडेला, तांड्याच्या बाजूला तोंड करून उभा राहिला. शिपाई सावलीला गेले, येणारी-जाणारी माणसं त्याच्याकडे बघून मान वळवून गेली. बबिताच्या घराचं दार उघडून बाई बाहेर येईपर्यंत तो तसाच उभा होता.